खाटा मोजू नका, रुग्णाची गरज मोजा!

एकाच वॉर्डात तीन खाटांवर तीन माणसे असतात. एक स्वतः चालत संडासला जातो. दुसऱ्याला हात धरून न्यावे लागते. तिसरा लकवा झालेला, त्याला कूसही बदलता येत नाही. रजिस्टरात मात्र तिघांचीही नोंद सारखीच, रुग्ण एक!

नर्सिंगचे शास्त्र असे मानत नाही. डोरोथिया ओरेम या अमेरिकन परिचारिकेने १९७१ सालच्या ग्रंथात शुश्रूषेच्या तीन पातळ्या सांगितल्या: फक्त समज व आधार, काही कामांत मदत आणि संपूर्ण सेवा. कोण किती परावलंबी हे ठरवायची कसोटीही साधी आहे. आंघोळ, कपडे, संडास, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवण, यातले रुग्णाला स्वतः काय जमते?

आमच्याकडचा हिशेब डोकी मोजतो. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण वॉर्डात ५ रुग्णांमागे १ परिचारिका, अतिदक्षता विभागात १ रुग्णामागे १ असा आहे. पण पाच चालते-फिरते रुग्ण आणि पाच अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांचे काम सारखे कसे? त्यात भरती रखडली की हा निकषही कागदावरच राहतो.

राजावाडी, कूपर, अग्रवाल या रुग्णालयांत घाटकोपर, अंधेरी, मुलुंडच्या वस्त्यांतली कष्टकरी माणसे येतात. तिथे मनुष्यबळाची तूट भरून काढतो तो नातेवाईक. धुणीभांडी करणारी बाई नवऱ्याच्या उशाशी बसली की तिचा रोज बुडतो. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, हे तिला कोणी शिकवलेले नसते. मग पाठीला जखमा होतात.

सिस्टर कामचुकार आहेत, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. केईएमच्या परिचारिकांनी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत जपले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्या सेवेची प्रशंसा केली. तेही पालिकेचेच रुग्णालय! उलट जून २०२१ मध्ये राजावाडीच्या अतिदक्षता विभागात एका अत्यवस्थ रुग्णाच्या डोळ्याजवळ उंदराने चावा घेतला. ज्याला हात हलवता येत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या कुणाचे तरी डोळे जागे असावे लागतात.

आणखी एक गोष्ट. मलमूत्र साफ करणे हे 'हलके' काम, ही जातीव्यवस्थेची शिकवण आहे. ते काम कुणी करायचे हेही तिनेच ठरवून ठेवले. शास्त्र सांगते, परावलंबी रुग्णाचा जीव याच कामावर टिकतो. ते काम करणाऱ्या आयाबाई आणि वॉर्डबॉयला प्रशिक्षण, कायम नोकरी आणि मान मिळालाच पाहिजे.

आमची मागणी सरळ आहे. प्रत्येक पाळीला रुग्णांची पातळी लिहा, तक्ता वॉर्डात लावा आणि त्यानुसार माणसे नेमा. आणि बांधवांनो, भगिनींनो, तुम्हीही विचारायला शिका: आमच्या माणसाची पातळी कोणती आणि रात्री त्याची कूस कोण बदलणार? हा प्रश्न विचारणे म्हणजे भांडण नव्हे, तो आपला हक्क आहे.