परदेशी पीएच.डी. : खर्चाचे खाते की पगाराचे?

धाराशिव, परंडा, भूम, कळंब येथील व्यापारी जैन कुटुंबांत मुलाने वा मुलीने परदेशी शिक्षणाचा विषय काढला की पहिला प्रश्न खर्चाचा येतो. पदव्युत्तर शिक्षणापुरता तो रास्तच आहे. तेथे बहुधा मोठे शुल्क भरावे लागते आणि त्यासाठी दुकान वा घर तारण ठेवण्याची वेळ येते. पीएच.डी.चा हिशेब मात्र उलटा आहे. विशेषतः विज्ञान व अभियांत्रिकीत संशोधकाला बहुधा संस्थाच पैसे देते. हे ठाऊक नसल्यास विषय पहिल्याच रात्री मिटतो. मुलीच्या बाबतीत तर लवकरच.

पूर्वी असा आधार राजाश्रयाचा असे. 1913 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर आणि परतल्यावर संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याच्या अटीवर. आज स्वीडन, नॉर्वे, नेदरलँड्स येथे पीएच.डी. करणारा बहुधा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. जर्मनीतही अनेक जागा नोकरीसारख्या जाहीर होतात. मात्र करार पुष्कळदा अर्ध्या वा पाऊण वेळेचा असतो. ती टक्केवारी पाहिल्यावाचून पगाराचा अंदाज बांधू नये. अशा जागा युरॅक्सेस या संकेतस्थळावर वर्षभर येत असतात. अमेरिकेत अध्यापन वा संशोधनास साहाय्य करण्याच्या बदल्यात शुल्कमाफी व निर्वाहवेतन मिळते. तेथील बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबरच्या आसपास संपते.

खरे कष्ट पत्राचे आहेत. एकच मजकूर शंभर प्राध्यापकांना धाडला तर तो न वाचताच बाजूला पडतो. ज्यांच्या हाताखाली काम करावयाचे, त्यांचे दोन-तीन शोधनिबंध आधी वाचावेत. मग आपण एम.एस्सी.च्या प्रकल्पात काय केले, कोणते उपकरण हाताळले, काय फसले, हे थोडक्यात लिहावे. उस्मानाबादी शेळीवर किंवा सोयाबीनच्या रोगावर केलेले साधे पण प्रामाणिक काम गुणपत्रिकेहून अधिक बोलते. शिफारसपत्रासाठी आपल्याकडे प्रतिष्ठित व्यक्ती शोधण्याची रीत आहे. तिचा येथे काडीचा उपयोग नाही. प्रकल्प ज्यांनी जवळून पाहिला त्या शिक्षकांचे पत्र हवे, आणि त्यांना निदान महिनाभर आधी सांगावे.

मानव्यशास्त्रांत निधी तुलनेने तोकडा असतो. तरीही लंडनच्या सोआस आणि बेल्जियमच्या घेंट विद्यापीठात जैनविद्येचा अभ्यास चालतो. धाराशिवची लेणी व तेर यांचा संबंध ज्या काव्याशी येतो, ते कनकामर मुनींचे ‘करकंडचरिउ’ अपभ्रंशात आहे. लेणी लहानपणापासून पाहिलेल्या विद्यार्थ्याने प्राकृत-अपभ्रंश शिकून घेतले, तर त्याच्या संशोधन-आराखड्याला बाहेरच्या अभ्यासकाला सहज न मिळणारे बळ येईल.

जागा ‘मिळवून देतो’ म्हणून रक्कम मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे अर्जशुल्क घेतात, पण काही ठिकाणी विनंती केल्यास तेही माफ होते. जेवणाचे काय, हा घरच्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. खोली ठरवताना स्वयंपाकघर आहे का, हे आधी विचारून घ्यावे. पूर्ण निधीची जागा मिळाल्यावर कुटुंबाने जमवावयाचा पैसा मुख्यतः पारपत्र, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा, विमानाचे तिकीट, खोलीची अनामत आणि पहिला पगार हाती येईपर्यंतच्या महिना-दोन महिन्यांपुरता असतो.