घिरट्या आणि अधांतर : उड्डाणाच्या परिभाषेचा एक प्रश्न

रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचे जन्मग्राम (१८९५) होय. कोकणातील अशा भातशेतीच्या गावांच्या परिसरात आढळणारे तीन पक्षी, घार, कापशी आणि कवड्या खंड्या, मराठी शास्त्रीय परिभाषेपुढे एक प्रश्न उभा करतात. इंग्रजीतील ‘हॉवर’ या धातूसाठी मराठीत ‘घिरट्या घालणे’ हा प्रतिशब्द योजला जातो. परंतु घिरटी म्हणजे फेरा. आणि ‘हॉवर’ करणारा पक्षी फेरा घालीत नाही, तो एका जागी थांबतो. हा भेद केवळ शब्दाचा नाही, बलाच्या हिशेबाचा आहे.

घिरट्या घालते ती घार. तापलेल्या भूमीवरून चढणाऱ्या हवेत ती पंख ताठ पसरून वर्तुळे घेते. हवेच्या सापेक्ष ती सतत खालीच घसरत असते. पण हवा त्याहून अधिक वेगाने वर जात असल्यामुळे तिची उंची वाढते. श्रम सूर्याचे, लाभ घारीचा.

कापशी वाऱ्याकडे तोंड करून, पंख हलवीत, भक्ष्यावर नजर ठेवून स्थिर राहते. ती भूमीच्या दृष्टीने स्थिर असली तरी हवेच्या दृष्टीने पुढे उडतच असते. समोरून येणारा वारा तिच्या पंखांना आयता प्रवाह पुरवितो.

खंड्याची गोष्ट निराळी. पाण्यावर तो वारा नसतानाही थांबू शकतो. तेथे प्रवाह आयता नसतो. पंख हलवूनच तो निर्माण करावा लागतो. आपले वजन तोलण्यासाठी त्याला हवा सतत खाली लोटावी लागते. पक्ष्याचे वस्तुमान सुमारे ८० ग्रॅम व पंखविस्तार सुमारे ४५ सेंटिमीटर धरल्यास, पंखांच्या पातळीत हवेला सेकंदास सुमारे १.४ मीटर वेग द्यावा लागतो आणि त्यासाठी किमान १.१ वॅट शक्ती लागते. प्रत्यक्ष खर्च याहून अधिक असतो. पुढे उडताना दर सेकंदास अधिक हवा पंखांखाली येते. म्हणून मध्यम वेगाचे उड्डाण अधांतर राहण्यापेक्षा स्वस्त पडते.

याच गणितातून आकाराची मर्यादाही निघते. सर्व लांब्या दुप्पट केल्यास वजन आठपट होते, पण पंखांनी व्यापलेले क्षेत्र चौपटच. परिणामी दर ग्रॅम स्नायूवरील भार सुमारे १.४ पट वाढतो. म्हणूनच निश्चल हवेत दीर्घकाळ अधांतर राहणे हे मुख्यतः लहान जीवांचे सामर्थ्य ठरते.

कीटकांत ते पराकोटीस पोचले आहे. बहुतेक अधांतर कीटक पंख जवळजवळ आडव्या पातळीत मागेपुढे फिरवितात आणि प्रत्येक फेरीअंती ते उलटवितात. त्यामुळे दोन्ही फटकाऱ्यांत उत्थापक बल मिळते. पंखाचा कोन इतका मोठा असतो की स्थिर प्रवाहात हवा पंखापासून सुटून बल कोसळावे. तसे का होत नाही, याचा उलगडा एलिंग्टन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एका मोठ्या पतंगाच्या अभ्यासातून केला : पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा भोवरा तयार होतो, फटकारा चालू असेतो तो पंखाला चिकटून राहतो व बल वाढवितो. त्यापूर्वी १९७३ मध्ये वाइस-फॉग यांनी सूक्ष्म गांधीलमाशीसदृश कीटकात, पंख पाठीवर जुळवून झटक्याने उलगडण्याची युक्ती दाखविली होती.

तात्पर्य, ‘घिरट्या’ हा शब्द घारीपुरताच राखावा. कापशीसाठी ‘वाताभिमुख स्थिरता’ आणि खंड्या व पतंग यांच्यासाठी ‘अधांतर उड्डाण’ अशा स्वतंत्र संज्ञा योजाव्यात. एकच शब्द तिघांस लावल्यास, कोणाचा भार वारा वाहतो आणि कोणाचा स्नायू, हा मूळ प्रश्नच विद्यार्थ्याच्या दृष्टीआड होतो.