कोचीचे दोन दिवस, पाण्याच्या वाटेने

शासकीय सेवेत असताना कोचीला माझे तीन-चारदा जाणे झाले. शहर मात्र एकदाही पाहिले नाही. बैठक आटोपली की गाडी फोर्ट कोचीला न्यायची, चिनी जाळ्यांपुढे छायाचित्र निघायचे आणि गाडी विमानतळाकडे वळायची. निवृत्तीनंतर दोन मोकळे दिवस घेऊन गेलो, तेव्हा चूक उमगली. पाण्याने घडवलेले शहर मी रस्त्यावरून पाहू जात होतो.

१३४१ च्या महापुराने पेरियारच्या मुखाजवळचे मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळाने भरले आणि दक्षिणेस कोचीचे मुख मोकळे झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. येथे पोर्तुगीज आले, १६६३ मध्ये डच आले, १७९५ मध्ये इंग्रज आले. आधुनिक बंदर ही मात्र अभियंता रॉबर्ट ब्रिस्टो यांची कामगिरी. १९२० नंतर त्यांनी मुखाशी साचलेला वाळूचा बांध कापला आणि उपसलेल्या गाळातून विलिंग्डन बेट उभे केले.

दोन दिवसांचा बेत आखताना शुक्रवार आणि शनिवार टाळावेत. मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी बंद असतो, तर ज्यूंचे प्रार्थनामंदिर शनिवारी. मुक्काम एर्नाकुलमला ठेवून पहिल्या दिवशी राज्य जलवाहतूक विभागाच्या बोटीने किंवा २०२३ मध्ये सुरू झालेल्या जल मेट्रोने फोर्ट कोचीला जावे. डावीकडे विलिंग्डन बेट, उजवीकडे वल्लारपाडमचे कंटेनर टर्मिनल आणि मधून ये-जा करणारे नोकरदार व विद्यार्थी, एवढ्यात बंदराचे अर्थकारण डोळ्यांसमोर उलगडते. १५२४ मध्ये कोचीत मरण पावलेल्या वास्को द गामाला जेथे पुरले, ते सेंट फ्रान्सिस चर्च जवळच आहे. त्याच्या अस्थी पुढे पोर्तुगालला नेण्यात आल्या.

दुसरा दिवस मट्टनचेरीसाठी. राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून राजाला दिलेला, नाव मात्र ‘डच पॅलेस’; भिंतींवर रामायणाची चित्रे. शेजारी १५६८ चे ज्यू प्रार्थनामंदिर. तेथील समाज इस्रायलच्या स्थापनेनंतर बहुतांशी तिकडे गेला. वास्तू जपली गेली, तिच्यात प्रार्थना करणारे मात्र उरले नाहीत.

थोड्या अंतरावर चेरलाई भागात याच्या उलट अनुभव येतो. पोर्तुगीजांच्या छळामुळे गोवा सोडलेल्या कोंकणी कुटुंबांचे वंशज तिरुमल देवस्थानाभोवती आजही नांदत आहेत. डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यांच्या ‘होर्टुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या वनस्पतिग्रंथाला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोंकणी वैद्यांनी इट्टी अच्युतन यांच्याबरोबर साहाय्य केले. या तिघांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापले आहे. सतराव्या शतकात अ‍ॅम्स्टरडॅमच्या छापखान्यात उमटलेली ही आपली लिपी मराठी वाचकाने आवर्जून आठवावी.

या दोन वस्त्यांत धोरणकर्त्यांसाठी एक धडा आहे. पर्यटनाचे यश आपण पर्यटकांच्या संख्येवर मोजतो. पण क्रूझ जहाजातून उतरून काही तासांत परतणारा पाहुणा आणि रहिवाशांसोबत बोटीत बसणारा पाहुणा, यांच्याकडून शहराला मिळणारे दान सारखे नसते. घरांची जागा केवळ होम-स्टे आणि दुकानांनी घेतली, तर मागे सुंदर भिंती उरतील, शहर उरणार नाही. जल मेट्रोची खरी महत्ता मला येथेच दिसते. ती पर्यटकांसाठी काढलेली सहल नव्हे. बेटांवरच्या माणसाला कामावर पोहोचवणारी आणि म्हणूनच त्याला बेटावर टिकवून धरणारी सोय आहे. वारसा जपायचा तर दगडांच्या डागडुजीइतकाच विचार अशा तिकिटाच्या दराचाही व्हायला हवा.

परतताना शेवटची फेरी संध्याकाळची धरावी. त्या वेळी बोटीत पाहुणे थोडे असतात आणि घरी निघालेले कोचीकर अधिक.