पंधरा आकडे, एक मोकळं घर

आमच्या मंडळाच्या संगणक वर्गात बायका माउसला हात लावायलाही बिचकतात. मी आधी आकडे सरकवण्याचा खेळ लावून देते. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकातही तो होता. सोळा घरं, पंधरा आकडे. मोकळ्या घराशेजारच्या आकड्यावर क्लिक केलं, की तो सरकतो. आधी वरच्या दोन ओळी लावा; खालच्या दोन डावीकडून उभ्या जुळवत न्या.

"ताई, आमचं डोकंच चालत नाही!" असं कुणी म्हटलं, की मी सांगते, आकडे उचलून कसेही बसवले तर निम्म्या मांडण्या सुटतच नाहीत. हे १८७९ मध्येच सिद्ध झालंय. दरवेळी दोष आपलाच कसा? सरकवून विस्कटलेला डाव मात्र नक्की सुटतो. आणि तोवर माउसची भीती कुठल्या कुठे पळालेली असते!