ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी गेल्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या उघडतात. कटऑफ जितका चढा तितकं कॉलेज चांगलं, असं धरून इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरला जातो. पण कटऑफ सांगतो तो मागणीचा आकडा. पुण्या-मुंबईकडे ओढा जास्त, म्हणून तिथले आकडे वर. शिवाय एकाच कॉलेजच्या एकाच शाखेला होम युनिव्हर्सिटीतल्या, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी कटऑफ वेगळा आणि बाहेरच्यांसाठी वेगळा. वर्गात शिकवणं मात्र सगळ्यांना तेच.

मग एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या यादीतली, क्रमवारी बघावी का? २०१६पासून निघणाऱ्या या यादीत इंजिनिअरिंगसाठी १००पैकी ३० गुण संशोधनाला आणि १० नावलौकिकाला आहेत. पहिल्या वर्षाचं गणित कोण शिकवतं, हे त्यातून कळत नाही. तिचा खरा उपयोग क्रमांकात नाही, तर भाग घेणाऱ्या कॉलेजांनी स्वतःच्या वेबसाइटवर ठेवलेल्या माहितीत आहे. किती मुलं वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मध्यक पगार किती, हे सगळं तिथे असतं. जाहिरातीत एखाद्याच मुलाचं पॅकेज झळकतं. नोकरी लागलेल्यांना पगाराच्या क्रमाने उभं केलं, तर मधल्याच्या हातात काय पडलं ते मध्यक सांगतो. फक्त हा आकडा सगळ्या शाखांचा मिळून असतो, हे ध्यानात ठेवावं. बऱ्याचदा शिक्षकांची यादीही रुजू झाल्याच्या तारखांसह सापडते. निम्मे शिक्षक वर्ष-दोन वर्षांतलेच असतील, तर तिथे कोणी टिकत का नाही, हे विचारायलाच हवं.

मला कळकळीने सांगावंसं वाटतं ते मराठवाड्यातल्या, दक्षिण महाराष्ट्रातल्या पालकांना. नांदेडचं १९८१चं श्री गुरू गोविंदसिंगजी कॉलेज किंवा सांगलीचं १९४७चं वालचंद ही शासन अनुदानित, स्वायत्त कॉलेजं आहेत. ती सोडून केवळ शहराच्या नावापायी पुण्यातलं कुठलंतरी नवं खासगी कॉलेज घेणं, वर खोलीभाडं नि मेसचा खर्च उचलणं, हा सौदा मला पटत नाही. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ती आधी तिथे तपासावी आणि चार वर्षांचा हिशेब कागदावर मांडावा.

आणि फॉर्म कन्फर्म करण्याआधी त्याच शाखेच्या तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या मुलीशी बोलावं. प्रॅक्टिकलं खरंच होतात, की मागच्या बॅचची जर्नलं उतरवून सह्या मिळतात, एवढं तिला विचारावं.