बॉनेटवरील नाव आणि गाडीचा दर्जा

वाशिम जिल्ह्यात मोटारगाडी तयार होत नाही. ती येथे विकत घेतली जाते, पाच-सात वर्षे हप्त्यांनी फेडली जाते आणि त्यानंतरही बराच काळ वापरली जाते. शिक्षकाच्या वा कारकुनाच्या संसारात घर बांधण्याखालोखाल मोठा खर्च हाच. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून गेल्यापासून या खरेदीला निराळे गांभीर्य प्राप्त झाले आहे. तालुक्याच्या रस्त्यावर रमतगमत चालणारी गाडी आता ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावरून नागपूर गाठते. तेथे गाडीचा दर्जा हा जिवाचा प्रश्न ठरतो. ग्राहक मात्र तो दर्जा बहुधा एकाच खुणेवरून ओळखू पाहतो. ‘कंपनी कोणाची?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर दिसते तितके सरळ नाही.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर गाड्या बांधल्या जात. तंत्र उसने आणि मालकी स्वतःची, अशी ती व्यवस्था होती. पुढे ‘पद्मिनी’ या नावाने गाजलेला हा नमुना खुद्द इटलीत साठीच्या दशकातच मागे पडला. कुर्ल्यात मात्र तो शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिला. गाडी दणकट होती, कोणत्याही मेकॅनिकला उलगडणारी होती, यात संशय नाही. मुंबईच्या रस्त्यांवर तिची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. पण परवाना हा एकदाच दिलेल्या पुस्तकासारखा असतो. त्याची सुधारित आवृत्ती आपोआप येत नाही. आणि लायसन्स-परमिटच्या राज्यात ग्राहकच रांगेत उभा असल्यामुळे सुधारणेची निकडही कोणाला भासली नाही.

याच्या उलट बाजूही तपासली पाहिजे. अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने ब्रिटनमधील जॅग्वार आणि पुढे लँड रोव्हर या कंपन्या विकत घेतल्या. फोर्डच्या मालकीत जॅग्वारच्या कारखान्यातील शिस्त आणि बांधणीतील अचूकता सुधारली. परंतु २००१ मध्ये फोर्डच्याच ‘माँडेओ’ या गाडीच्या पायावर ‘एक्स-टाइप’ ही जॅग्वार उभी राहिली, तेव्हा जाणकारांनी नाके मुरडली. जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने या दोन्ही कंपन्या २.३ अब्ज डॉलरला घेतल्या. फोर्डने त्यांच्यासाठी मोजलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही ही किंमत कमी होती.

या मालकीचा लाभ भारतीय ग्राहकाला मिळाला का? २०१९ मध्ये आलेली टाटांची ‘हॅरियर’ त्याचे उत्तर देते. पुण्याजवळ पिंपरीत तयार होणाऱ्या या गाडीचा सांगाडा लँड रोव्हरच्या सांगाड्यावरून बेतलेला आहे. तिच्या डिझेल इंजिनाचे मूळ मात्र फियाटचे. म्हणजे नाव टाटांचे, हाडे विलायती आणि हृदय इटालियन! तथापि येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेच्या टक्कर-चाचणीत पाच तारे मिळविणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी हॅरियर नव्हे. तो मान डिसेंबर २०१८ मध्ये टाटांच्याच लहान ‘नेक्सॉन’ने मिळविला होता आणि तिचा सांगाडा लँड रोव्हरकडून आलेला नव्हता. विकत घेतलेल्या ज्ञानापेक्षा घरच्या निश्चयाने येथे आधी काम केले.

महिंद्रांचा अनुभवही असाच बोलका आहे. त्यांनी २०११ मध्ये दक्षिण कोरियातील सँगयाँग कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला. ती कंपनी काही सावरली नाही. २०२० च्या अखेरीस ती न्यायालयाच्या आश्रयाला गेली आणि पुढे तिची मालकी एका कोरियन उद्योगसमूहाकडे गेली. व्यवहार म्हणून ही गुंतवणूक तोट्याची ठरली. पण सँगयाँगच्या ‘टिवोली’च्या सांगाड्यावर बेतलेली आणि नाशिकला तयार होणारी ‘एक्सयूव्ही ३००’ २०२० मध्ये पाच ताऱ्यांची मानकरी झाली. मालकी सुटली, तरी शिकलेली विद्या मागे उरली.

याचा अर्थ परदेशी मालक असला की दर्जा आलाच, असाही नाही. फोक्सवागनचा चाकणचा कारखाना जर्मन मालकीचा. त्यांची ‘पोलो’ युरोपात पाच तारे मिळवून होती. परंतु भारतात विकल्या जाणाऱ्या, एअरबॅग नसलेल्या पोलोला २०१४ च्या चाचणीत एकही तारा मिळाला नाही. दोन एअरबॅग बसविलेल्या पोलोला चार तारे मिळाले. सांगाडा तोच, कारखाना तोच, मालकही तोच. फरक होता तो ग्राहकाला काय देणे भाग आहे, या हिशेबाचा. निकालानंतर कंपनीने एअरबॅगविना पोलो विकणे बंद केले. चालकासमोरची एअरबॅग भारतात कायद्याने सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. त्याच चाकणच्या कारखान्यातील ‘कुशाक’ आणि ‘टायगुन’ या गाड्यांनी २०२२ मध्ये पाच तारे मिळविले. एकीवर स्कोडाचे चिन्ह, दुसरीवर फोक्सवागनचे. हाडे मात्र एकच.

या साऱ्यांतून निघणारा निष्कर्ष असा की, मालकी ही केवळ वाट मोकळी करते. त्या वाटेने ज्ञान येते की नुसते नाव, हे मालकाच्या इच्छेवर आणि त्याहूनही अधिक कायद्याच्या व ग्राहकाच्या दक्षतेवर अवलंबून असते. जेथे कोणी मोजत नाही, तेथे उत्तमातला उत्तम मालकही हात आखडता घेतो.

मालकी बदलण्याची आणखी एक झळ आहे आणि ती वाशिमसारख्या जिल्ह्याला शहरांपेक्षा जास्त लागते. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात शेव्हरोले गाड्यांची विक्री थांबविली. तिचा तळेगावचा कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. गाडी दाराशी उभी असते, पण तिच्या नावाचे दुकान उठलेले असते. अशा वेळी सुट्या भागांसाठी अकोला, अमरावती वा नागपूर गाठण्याचा भुर्दंड कोणाच्या माथी पडतो, हे सांगावयास नको.

म्हणून ‘कंपनी कोणाची?’ या प्रश्नाला आणखी तीन प्रश्नांची जोड हवी. याच नमुन्याची टक्कर-चाचणी झाली आहे काय आणि तारे किती? इंजिन व सांगाडा कोणत्या गाडीशी समान आहे? सुटे भाग आणि दुरुस्ती जिल्ह्यात मिळते काय? १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही देशाची स्वतःची चाचणी सुरू झाली आहे. परंतु ती ऐच्छिक आहे. शिवाय समोरून होणारी मुख्य टक्कर ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतली जाते, म्हणजे समृद्धीवरील मर्यादेच्या जेमतेम निम्म्या वेगाने. पाच तारेही बेदरकार वेगापुढे हतबल ठरतात.

कारखान्यांचे मालक यापुढेही बदलत राहतील. ते व्यवहार लंडनला, सेऊलला किंवा मुंबईला होतील. शेलूबाजारच्या नाक्यावरून महामार्गाला लागणाऱ्या कुटुंबाला त्यात मत नाही. त्याच्या हाती आहे ती केवळ खरेदीपूर्वीची विचारणा. ती त्याने नेटाने केली, तर मालक कोणीही असो, त्याला उत्तर द्यावेच लागेल.