बल्बच्या खोक्यावरचा आकडा

दुकानात ट्यूबखाली जो तागा काळा दिसतो, तोच दाराबाहेर उन्हात नेला की गर्द निळा निघतो. कापडाच्या धंद्यात केस पिकवलेल्या आम्हाला हे कुणी सांगावे लागत नाही. पण टेम्पोचा बल्ब घेताना ही अक्कल आमच्या कामी आली नाही.

भिवंडीहून मालेगावला माल घेऊन आमची रात्रीची फेरी असते. भाच्याने हौसेने हेडलाईटला ‘८००० के’चे निळसर बल्ब बसवून आणले. दुकानदाराने त्याला पटवले होते की, आकडा मोठा तितका उजेड जास्त. कोरड्या रस्त्यावर रुबाब दिसला खरा. कसारा घाटात पाऊस लागला आणि ओल्या डांबरावर पांढरा पट्टाही दिसेना. बंद पडलेला एक ट्रक तर अगदी जवळ आल्यावर दिसला. ब्रेक लागला म्हणून भाचा आज आमच्यासमोर बसतो.

नंतर एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने खुलासा केला. ‘के’ म्हणजे केल्विन. हे उजेडाच्या रंगाचे माप आहे, ताकदीचे नव्हे. मेणबत्ती १९००च्या आसपास, साधा हॅलोजन ३२००, दुपारचे ऊन साधारण ५५००. त्यापुढे निळसर छटा. ताकद मोजतात ल्यूमेनमध्ये. आपला नेहमीचा एच-४, ६०/५५ वॉटचा बल्ब वरच्या बीमला सुमारे १६५० आणि डिपरला १००० ल्यूमेन देतो.

आता गंमत पाहा. हॅलोजनची तार टंगस्टनची, आणि टंगस्टन ३७०० केल्विनच्या आतच वितळते. मग त्या तारेतून ८००० येणार कुठून? काचेला निळा लेप देतात, इतकेच. दिव्यावर निळी मलमल टाकल्यासारखे! लेप पिवळा-तांबडा उजेड अडवतो, नवा उजेड काही आणत नाही.

पिवळा बल्ब धुके फोडतो, हीही बाजारगप्पच. धुक्याच्या थेंबांना रंगाचे फारसे घेणेदेणे नाही. पिवळा डोळ्यांना कमी खुपतो, एवढेच. १००/९० वॉटचा मोह झाला तर होल्डर वितळण्याची तयारी ठेवा. हॅलोजनच्या हंडीत एलईडी घालणाऱ्यांचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आम्ही साधे ६०/५५ परत बसवले, धुरकट काच घासून घेतली आणि भिंतीसमोर गाडी उभी करून बीमची उंची जुळवली. निळे बल्ब गल्ल्याच्या खणात पडून आहेत. भाचा अधूनमधून मागतो, आम्ही देत नाही.